एका किनाऱ्याचे मीठ

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. सुटीत काशीदच्या वाळूवर मुले खेळवावीत, होडीतून जंजिरा पाहून यावा आणि संध्याकाळी परतीला लागावे, असा साधारण बेत असतो. सुमारे पन्नास किलोमीटरच्या या वाटेवर किती निरनिराळ्या लोकांची घरे लागतात, याकडे मात्र प्रवाशाचे सहसा लक्ष जात नाही. चौलला नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. रेवदंड्याचे गाव पोर्तुगीजांच्या पडक्या तटाच्या आत वसलेले आहे आणि त्याच गावात ज्यू लोकांचे प्रार्थनामंदिरही आहे. कुंडलिकेच्या खाडीवरील पूल ओलांडला की कोर्लई येते. तेथील ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीजपासून जन्मलेली एक बोली घराघरांत बोलली जाते. पुढे बोर्ली, नांदगाव, मुरूड. मुरूडच्या खाडीपलीकडे एकदऱ्याचा कोळीवाडा आणि त्यापुढे राजपुरी, जेथून जंजिऱ्याच्या होड्या सुटतात. कोळी, आगरी, माळी, ब्राह्मण, कोकणी मुसलमान, आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज असलेले सिद्दी, बेने इस्रायल, कोर्लईचे ख्रिस्ती आणि डोंगराच्या बाजूस कातकरी व ठाकूर: एवढी सारी मंडळी एकाच वाऱ्यात, एकाच पावसात आणि एकाच समुद्राच्या मासळीवर शतकानुशतके राहत आली आहेत.

आरोग्याच्या पाक्षिकात हे प्रवासवर्णन कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे कारण रक्तदाब. रायगडच्या या किनारपट्टीवर मी गेली सव्वीस वर्षे व्यवसाय करीत आहे. वरीलपैकी बहुतेक सर्व घरांतील माणसे माझ्या दवाखान्यात येतात आणि चाळिशीनंतर त्यांपैकी पुष्कळांच्या केसपेपरवर एकच निदान लिहिलेले असते. गोळी लिहून झाली की आम्ही डॉक्टर मंडळी ठराविक वाक्य उच्चारतो : ‘मीठ कमी करा.’ रुग्ण मान डोलावतो, घरी जाऊन आमटीतले मीठ चिमूटभर कमी करतो, घरातील सारे दोन दिवस तोंड वाकडे करतात आणि महिन्याने रक्तदाब होता तेथेच असतो. रुग्णाने सल्ला मानला नाही, असे म्हणणे सोपे आहे. माझा अनुभव असा की त्याने सल्ला मानलेला असतो. परंतु त्याच्या घरातील मीठ आमटीत फारसे नसतेच. ते दुसरीकडे कोठेतरी बसलेले असते, आणि ते कोठे बसले आहे हे प्रत्येक वस्तीत वेगळे आहे.

प्रथम हिशोब स्पष्ट करून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाच्या पोटात दिवसभरात सर्व मार्गांनी मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ जावे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. घरात चार प्रौढ माणसे असतील तर दिवसाला वीस ग्रॅम, महिन्याला सहाशे ग्रॅम. म्हणजेच मिठाची एक किलोची पिशवी चौघांना पन्नास दिवस पुरली पाहिजे. प्रत्यक्षात ती त्याहूनही अधिक दिवस पुरावयास हवी. कारण पाव, पापड, लोणचे, फरसाण यांतून येणारे मीठ त्या पिशवीतले नसते. आपल्या घरी पिशवी केव्हा फोडली ती तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. कोणत्याही तपासणीवाचून आपल्याला आपल्या घराचा बराच अंदाज येईल.

आता चुलीकडे वळू. कोळीवाड्यापासून आरंभ करणे योग्य, कारण मिठाचा सर्वांत मोठा गैरसमजही तेथलाच आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांची बेगमी उन्हाळ्यातच होते. बोंबील बांबूंच्या वलांडीवर टांगून वाळवतात, जवळा अंगणात पसरतात. शहरातील अनेक डॉक्टर ‘सुकी मासळी अजिबात बंद’ असे सरसकट सांगून मोकळे होतात. पावसाळ्याच्या दोन महिन्यांत ज्या घरात तेवढाच काय तो प्रथिनांचा आधार असतो, त्या घराने मग काय करावे, हे कोणी सांगत नाही. या बाबतीत सुके आणि खारे असा भेद करावयास हवा. बोंबील आणि जवळा सामान्यतः नुसत्या उन्हावर वाळवलेले असतात; त्यांत वरून मीठ घातलेले नसते. समुद्रातील मासळीचे स्वतःचे थोडे मीठ वाळल्यावर दाट होते खरे, पण दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुतले तर वाळू आणि बरेचसे मीठ दोन्ही निघून जाते. याउलट खारा बांगडा, खारी सुरमई, खारवलेली मुशी हे प्रकार मिठाच्या थरांत मुरवलेले असतात. त्यांचा एक मोठा तुकडा दिवसाच्या साऱ्या मिठाची मर्यादा एकट्याने गाठू शकतो. रक्तदाबाच्या रुग्णाने हे दुसरे टाळावे. पहिले धुऊन, बेताने आणि आमटीत वेगळे मीठ न घालता खावे. खाऱ्यावाचून घास उतरतच नसेल तर आदल्या रात्री तुकडा पाण्यात टाकावा, पाणी दोनदा बदलावे आणि ते पाणी ओतून द्यावे. जुन्या कोळणींना ही रीत ठाऊक आहे. त्या ती चवीसाठी करतात. आपण ती मेंदूच्या रक्तवाहिन्यांसाठी करू.

ताजी मासळी मिळते तेव्हा मात्र या किनाऱ्यावरील माणसाइतका भाग्यवान कोणी नाही. बांगडा आणि तारली हे स्वस्त मासे हृदयाला उपकारक अशा स्निग्ध द्रव्यांत पापलेटपेक्षा सरस आहेत. पाहुणा आला की पापलेट आणि घरच्या माणसांना तारली, हा प्रकार आरोग्याच्या दृष्टीने घरच्यांच्याच पथ्यावर पडतो. फक्त तो मासा रव्यात घोळून तेलात बुडवू नये. आणखी एक लहानशी गोष्ट : सोलकढी ‘थंड’ म्हणून रक्तदाबाला चांगली, असे समजून काहीजण ती वाडगाभर पितात. बाटलीतले कोकमाचे आगळ टिकावे म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेले असते. कोकम स्वच्छ धुऊन, भिजवून घरी केलेल्या कढीत मीठ आपल्या हाती राहते.

रेवदंडा, अलिबाग आणि आसपासच्या गावांतील बेने इस्रायल समाजाविषयी तरुण वाचकांना कदाचित फारसे ठाऊक नसेल. गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. तेल गाळण्याचा त्यांचा धंदा होता आणि शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. किहीमकर, पेणकर, नवगावकर अशी गावांवरून पडलेली आडनावे त्यांनी देशांतरानंतरही टाकली नाहीत. इस्रायलची स्थापना १९४८ साली झाली आणि पुढील काही दशकांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. येथे आता थोडीच घरे उरली आहेत. त्यांच्या स्वयंपाकाचे नियम डॉक्टरने समजून घेण्यासारखे आहेत. खवले आणि पर असलेलाच मासा चालतो; म्हणजे कोळंबी, खेकडा, मुशी आपोआप बाद. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, त्यामुळे रस्सा नारळाच्या दुधात होतो. मांसातील रक्त निघून जावे म्हणून ते शिजवण्यापूर्वी मीठ लावून ठेवतात आणि मग धुतात. या शेवटच्या विधीमुळे मांसात मिठाचा अंश मागे राहतो. ‘आमच्याकडे रस्स्यात मीठ फार नसते’ असे त्या घरची आजी म्हणते तेव्हा ती खरेच बोलत असते. मीठ रस्स्याच्या आधीच शिरलेले असते. अशा घरी धर्माचा नियम मोडायला सांगणे हा उद्धटपणा ठरेल आणि निरुपयोगीही. नियमाप्रमाणे मीठ लावून झाल्यावर धुणे पुरेपूर करावे आणि रस्स्यात पुन्हा मीठ घालू नये, एवढे सांगितले की काम भागते. त्यांचा मलिदा, म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, वेलदोडा आणि वर फळे, हा तर मीठ नसलेला प्रसाद आहे. मधुमेह असेल तर गुळाकडे तेवढे पाहावे.

कोर्लईची गोष्ट निराळी. १७४० साली पोर्तुगीजांनी हा मुलूख सोडला, पण किल्ल्याच्या पायथ्याशी राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपली बोली सोडली नाही. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आपली भाषा’. बोलणारे हजाराच्या आसपास. भाषाशास्त्रज्ञांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचे नाव त्यांत प्रमुख आहे. ही माणसे मराठीही आपल्यासारखीच बोलतात. परंतु वृद्ध माणूस तापात किंवा वेदनेत असला की मायबोलीवर येतो, हे कोणत्याही समाजात खरे आहे. अशा वेळी सोबत आलेल्या नातवंडाने मध्ये बोलू नये असा आग्रह आम्ही डॉक्टरांनी धरू नये. ‘छातीत दुखते’, ‘छातीत दाबल्यासारखे होते’ आणि ‘छातीत जळजळते’ या तीन तक्रारींत औषधाचाच नव्हे तर कधी आयुष्याचाही फरक असतो, आणि तो फरक माणूस स्वतःच्या भाषेतच नेमका सांगू शकतो.

पोर्तुगीज गेले, मागे मिरची राहिली आणि पाव राहिला. ‘पाव’ हा शब्दही त्यांचाच. पाव आता कोर्लईचा राहिलेला नाही. पहाटे सायकलवरून भोंगा वाजवीत येणारा पाववाला कोळीवाड्यात, मोहल्ल्यात, वाडीत सगळीकडे फिरतो. पाव चवीला खारट लागत नाही, म्हणून त्यात मीठ असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. सकाळी चहाबरोबर दोन पाव, मुलांना खारी किंवा बटर, चार वाजता वडापाव : दिवसाच्या मिठाचा मोठा वाटा स्वयंपाकघरात पाऊल न टाकताच संपतो. या किनाऱ्यावरच्या सर्व जातिधर्मांना एका रांगेत बसवणारा पदार्थ मला विचाराल तर तो पाव होय, आणि डॉक्टर म्हणून मला त्याचा फारसा आनंद नाही. तांदळाच्या भाकरीत किंवा घावनात मीठ चिमटीने पडते. ते कमी करणे गृहिणीच्या हाती असते. आपल्या घरातील सकाळची भाकरी गेली आणि पाव आला, तो काळ आठवून पाहा. बहुधा घरातील पहिली रक्तदाबाची गोळीही त्याच सुमाराची निघेल. हा पुरावा नव्हे, योगायोगही असेल. पण विचार करण्याजोगा आहे.

मुरूड ही १९४८ पर्यंत सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानाची राजधानी. चहूबाजूंनी खारे पाणी असलेल्या त्या किल्ल्यात गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत, हे पर्यटकांना वाटाड्या कौतुकाने दाखवतो. मुरूड-राजपुरीच्या मुसलमान घरांतील रोजचे जेवण शेजारच्या हिंदू घरांहून फार वेगळे नाही : भात, तांदळाची भाकरी, नारळाच्या वाटणातली मासळी. वेगळेपण दिसते ते रमजानात. इफ्तारला भजी, समोसे, फरसाण असे तळलेले आणि खारट पदार्थ एकदम पोटात जातात, दिवसभर पाणी नसते, आणि रात्री तहान लागून माणूस कासावीस होतो. फळे, खजूर, पाणी यांनी उपवास सोडावा. तळण एखादाच तुकडा.

याहून महत्त्वाचा प्रश्न औषधांचा. मधुमेही व्यक्तीने रोजा धरावा की नाही, याचे उत्तर ती कोणती औषधे घेते यावर अवलंबून आहे. इन्सुलिन आणि साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही गोळ्या उपाशीपोटी धोकादायक ठरतात; लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी शरीर कोरडे पडते. रमजान सुरू होण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे डॉक्टरांकडे जावे, म्हणजे मात्रा आणि वेळा बदलता येतात. मनाने गोळी बंद करणे आणि दोन वेळच्या गोळ्या एकदम इफ्तारला घेणे, हे दोन्ही प्रकार मी दरवर्षी पाहतो. बोट टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुसंख्य धर्मज्ञांचे मत आहे. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर उपवास तेथेच सोडावा. हीच गोष्ट योम किप्पूरचा सुमारे पंचवीस तासांचा उपवास करणाऱ्या बेने इस्रायल आजोबांना आणि निर्जळी एकादशी करणाऱ्या वाडीतल्या काकूंना तितकीच लागू आहे. शरीराला पंचांग कळत नाही.

वाड्यांतील घरांत मासळी नसते किंवा क्वचित असते, म्हणून तेथील मंडळी स्वतःला सुरक्षित समजतात. त्यांचे मीठ बरणीत असते. कैरीचे लोणचे, सांडगी मिरची, पोह्याचे पापड, ताकातले चवीपुरते मीठ. पापडात मीठ आहेच, शिवाय पापडखार आहे आणि पापडखारातही सोडियमच असते. उपवासाच्या दिवशी साध्या मिठाऐवजी सैंधव वापरले की रक्तदाबाला चालते, ही समजूत तर सुशिक्षित घरांतही घट्ट बसलेली आहे. सैंधव हेही मुख्यतः तेच मीठ आहे. फरक असेल तर बहुधा त्यात आयोडीन घातलेले नसते, एवढाच. बाजारात ‘कमी सोडियमचे मीठ’ मिळते. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम घातलेले असते. निरोगी माणसाला ते उपयुक्त आहे. परंतु मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याखेरीज वापरू नये, कारण रक्तातील पोटॅशियम वाढणे हृदयाला घातक ठरते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रोजच्या शहाळ्याच्या पाण्याबद्दलही हीच सूचना. सुपारीच्या बागांत राहणाऱ्यांना जाता जाता एवढेच सांगतो की, तंबाखूवाचून खाल्लेली सुपारीही कर्करोगकारक आहे, असा स्पष्ट निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २००४ सालीच दिला आहे. तो विषय स्वतंत्र लेखाचा.

तेव्हा डॉक्टरांनी ‘मीठ कमी करा’ म्हटले की आपण गप्प बसू नका. ‘आमच्याकडे हे असे शिजते’, असे त्यांना सांगा. आठवड्यात काय काय खाल्ले त्याची यादी कागदावर लिहून न्या. बरणीतले, पुडीतले, बेकरीतले, वाळवलेले सारे. छापील आहारतक्त्यात पनीर आणि ब्राऊन ब्रेड लिहिलेला असतो. एकदऱ्यातल्या बाईने तो घेऊन काय करायचे? तिला तिच्या चुलीवरचा तक्ता हवा, आणि तो तिच्याशी बोलल्याखेरीज तयार होत नाही. घरातल्या मंडळींना पहिले पंधरा दिवस सारे अळणी लागेल. आमसूल, लिंबू, आले, लसूण, कोथिंबीर यांनी तो काळ निभावतो. काही आठवड्यांत जीभ नव्या चवीला सरावते, आणि मग जुना खारा बांगडा खरेच खारट लागू लागतो.

शेवटी, समुद्रावर जाणाऱ्यांविषयी. मोठ्या बोटी एकेकदा आठवडाभर बाहेर असतात. रक्तदाबाची गोळी घरी राहते. ‘आठ दिवसांनी काय होते’, असे खलाशी म्हणतो. आणि बोटीवरचे जेवण म्हणजे भात आणि तिखट-खारे कालवण. वर ऊन, अपुरी झोप, कधी दारू. अचानक गोळी थांबल्याने चढलेला रक्तदाब किनाऱ्याची वाट पाहत नाही. पन्नाशीही न गाठलेल्या तांडेलाला अर्धांगवायू झालेला मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे. जाळे ओढणारा उजवा हातच निकामी झाला, तर त्या घराचे काय होत असेल याची कल्पना आपण करू शकता. म्हणून फिरकीच्या झाकणाची पाणी न शिरणारी डबी घ्यावी, त्यात फेरीच्या दिवसांपेक्षा चार गोळ्या अधिक ठेवाव्यात आणि ती तांडेलाजवळ द्यावी. पाण्यावर जाण्यापूर्वी डिझेल आणि बर्फ मोजतात तशा गोळ्याही मोजाव्यात. बोटीवर किंवा घरी कोणाचे तोंड एका बाजूला वाकडे झाले, हात उचलेनासा झाला, बोलणे अडखळू लागले, तर कांदा हुंगवणे, तोंडात पाणी घालणे, मालिश करणे यांत वेळ दवडू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्याआधी मेंदूचा सिटी स्कॅन व्हावा लागतो. मुरूडसारख्या ठिकाणाहून त्यातला बराच वेळ रस्त्यावरच जातो. १०८ क्रमांकाला लगेच फोन करावा, आणि माणूस शेवटचा धडधाकट केव्हा दिसला ती वेळ कागदाच्या कपट्यावर लिहून त्याच्या खिशात ठेवावी. इस्पितळात सर्वांत आधी तीच विचारतात.